रिकाम्या आठ चौकटी

५ जानेवारी, सोमवार

प्रिय दादा,

तुझी गिटार मी पिशवीतून बाहेर काढली आहे. हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुला ठरवता येईल. विचारून काढायला हवी होती, हे मला कळतं. पण तुझा पत्ता मला कालच मिळाला. आईच्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली घडी घालून ठेवलेला होता. तिला वाटतं तो कुणाला माहीत नाही. तसंच वाटू दे.

गिटारला काही झालेलं नाही. आई दर दोन महिन्यांनी पिशवी उघडून डांबरगोळ्या बदलते, त्यामुळे गिटारला हिवाळ्यात कपाटातून काढलेल्या स्वेटरसारखा वास येतो. वाजवताना मला शिंका येतात. एका कोपऱ्यात रंगाचा टवका गेलेला आहे, तो मी पाडलेला नाही, तो आधीचाच आहे. तुला आठवत असेल.

काढायचं कारण असं. १ मार्चला चर्चचा वर्धापनदिन आहे आणि बाईंनी त्या उपासनेला दिव्याचं गाणं घेतलं आहे. बाई अजून शाळेत शिकवतात आणि गायनमंडळातल्या आम्हा सगळ्यांशीही वर्गात बोलल्यासारखंच बोलतात. तू गेल्यापासून चार वर्षांत ते गाणं कुणी काढलं नाही. त्याला गिटार तूच बसवली होतीस आणि एकाच रविवारी वाजवलीस. बाई म्हणाल्या, "गिटारशिवाय ते गाणं म्हणजे दात पडलेलं तोंड." तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "मी शिकतो." कोण म्हणालं म्हणून मी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती. मीच म्हणालो होतो.

बाबा आवाजाच्या मिक्सरपाशी बसले होते. ते वायरी गुंडाळत राहिले.

ते अजून दर रविवारची उपासना रेकॉर्ड करतात आणि सीडीवर तारीख घालून ठेवतात. त्या रविवारची सीडी मी त्यांना सांगून घेतली. रबरी शिक्के कोरायला जातो त्या दुकानातून सुटलो की सहा ते आठ ती लावून बसतो. वहीत पट्टीने चौकटी आखल्या आहेत. एका चौकटीत चार ठोके, एका पानावर सोळा चौकटी. मालक म्हणाले, "गाणं शिकतोयस की जमिनीचा नकाशा काढतोयस?" पण मला असंच जमतं. नववीनंतर शाळा सुटली तरी चौकटीची वही सुटली नाही.

तू नको म्हणालास तर गिटार परत ठेवीन. उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ हो धरायचा की नाही, हे मला ठरवता येत नाही. म्हणून दोन शब्द तरी कळव.

तुझा,
मोजपट्टी
(हे नाव तूच ठेवलंस. अजून तेच चालतं.)


१९ जानेवारी, सोमवार

प्रिय दादा,

तुझं उत्तर आलं नाही. मी ते तूर्त हो धरलं आहे.

एक गोष्ट सांगतो, हसलास तर चालेल. गाण्याच्या सुरुवातीला तू जे वाजवतोस, त्यात एका सुरामागे तोच सूर आणखी तीनदा येतो, दरवेळी थोडा हळू. ते मी दोन आठवडे घोटलं. एक मोठा, तीन लहान, पुन्हा एक मोठा, तीन लहान. वहीत लहान सुरांना मी लहान ठिपके दिले, मोठ्याला मोठा. बोटांची सालं निघाली. दुकानात रबर कापताना ब्लेड धरवेना, मालकांनी दोन दिवस मला फक्त दांड्यांना पॉलिश करायला बसवलं. मला वाटायचं, दादाची बोटं माणसाची होती की शिवणयंत्राची.

शनिवारी ठोक्या घरी आला. तो अजून ड्रम वाजवतो आणि पंक्चरचं दुकानही चालवतो, दोन्हीकडे हवा तेवढीच भरतो. दारात उभा राहून त्याने ऐकलं.

"हे काय चाललंय तुझं?"

"दादासारखं वाजवतोय."

"ते मधले तीन-तीन कशाला मारतोयस?"

"दादा मारायचा."

"अरे येड्या, तो कुठं मारायचा? तो एकच मारायचा. बाकीचे तीन डबा मारायचा."

मग त्याने पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यातून तो प्रतिध्वनी काढणारा निळा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. मी तो इतके दिवस सेल चार्ज करायचा डबा समजून बाजूला ठेवला होता. ठोक्या इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. आई पाणी घेऊन आली आणि काय झालं ते न कळता तीही हसली. ती अशी हसलेली बऱ्याच दिवसांनी बघितली, म्हणून मला वाईट वाटलं नाही.

डब्यातला सेल फुटून आत हिरवट साचलं होतं. तो चालू होईना. रात्री मी तो टेबलावर ठेवून झोपलो. सकाळी बघतो तर आतले पत्रे घासून लख्ख केलेले, एक सुटलेली तार डाग देऊन जोडलेली आणि नवा सेल बसवलेला. घरात डाग द्यायचं यंत्र एकाच माणसाकडे आहे. तो माणूस समोर बसून चहा पीत होता आणि पेपर वाचत होता. मी म्हटलं, "डबा चालू झाला." बाबा म्हणाले, "बरं."

आता एक सूर वाजवला की मागे तीन आपोआप येतात. पहिल्यांदा आले तेव्हा मी दचकून हात काढला. तू खोलीत असल्यासारखं वाटलं.

ठोक्या तुझी चौकशी करतो. तू गेलास त्या दिवशी चर्चच्या अंगणात त्याला चहाडखोर म्हणालास. शनिवारी तू हॉटेलात वाजवायला जातोस, हे बाबांना त्यानेच सांगितलं असं तुला वाटलं. दादा, त्याने सांगितलं नव्हतं. हे मला खात्रीने माहीत आहे.

तुझा,
मोजपट्टी


३१ जानेवारी, शनिवार

प्रिय दादा,

काल सगळ्यांबरोबर पहिली तालीम झाली. मी शर्टाला इस्त्री करून गेलो होतो. बाई म्हणाल्या, "परीक्षा आहे का रे तुझी?" मी म्हटलं, "हो."

पहिलं आणि दुसरं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात एकदा बोट घसरलं, पण ते फक्त मला कळलं. मग तिसरं कडवं आलं आणि मी थांबलो. तिथे आठ चौकटी थांबायचं आहे, हे मला पाठ होतं. सीडीत तू तिथे थांबतोस. तिसरं कडवं सुरू झालं की गिटार एकदम नाहीशी होते, नुसता बाईंचा आवाज आणि ठोक्याचा ठेका उरतो, आणि नवव्या चौकटीला ध्रुपद आलं की तू परत येतोस. ती जागा मला सगळ्या गाण्यात जास्त आवडते. वहीत मी त्या आठ चौकटी रिकाम्या ठेवून चारी बाजूंनी लाल रेघ मारली होती. थांबायचं कुठे हे ज्याला कळतं तोच खरा वाजवणारा, असं मी मालकांनाही सांगून झालं होतं.

मी थांबलो तसं बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"का रे? विसरलास?"

"नाही बाई. इथे गिटार नाहीये. सीडीत तसंच आहे."

बाई ठोक्याकडे बघायला लागल्या. ठोक्याने काठीने कान खाजवला. मग दोघं हसायला लागले. बाई म्हणाल्या, "अरे राजा, त्या दिवशी त्याची वायर हलली होती. ती काय चाल नव्हे. आधी डबा, आता वायर. तू सीडीवरची धूळसुद्धा वाजवशील."

सगळे हसले. मीही हसलो, कारण तेवढंच करण्यासारखं होतं. आणि मागून बाबांचा आवाज आला.

"वायर हलली नव्हती."

त्यांनी हेडफोन काढून मिक्सरवर ठेवला, चष्मा पुसला आणि ते बाहेर गेले. तालीम तिथेच संपली. सायकल घेऊन मी घरी आलो तेव्हा ते खाली त्यांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दिवा लावून एक रेडिओ उघडून बसले होते. तो रेडिओ कुणाचाच नाही, तो नुसता उघडायला ठेवलेला आहे.

दादा, मी सीडीवरची तारीख परत बघितली. तू घर सोडलंस तोच रविवार. आणि मला कळलं.

तुला एक सांगायचं राहिलं. हॉटेलचं बाबांना मी सांगितलं होतं. त्या रविवारी सकाळी, आठ वाजता, स्वयंपाकघरात. त्यांनी विचारलं, रात्री हा कुठे असतो, आणि मला खोटं बोलता आलं नाही. उपासना दहाला होती.

मोजपट्टी


२ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय दादा,

परवाच्या पत्रात एक चूक आहे, ती दुरुस्त करतो.

बाबांनी विचारलं नव्हतं. ते दाढी करत होते. मी आपणहून जाऊन सांगितलं.

पत्र पेटीत टाकून घरी आलो आणि त्या एका वाक्याने दोन दिवस झोप नाही. पोस्टमनला गाठून ते परत मिळतं का, हेही विचारून आलो. मिळत नाही.

तू शनिवारी जायचास तेव्हा कडी मी काढायचो. तू बूट हातात घेऊन आत यायचास आणि माझ्या डोक्यावर टपली मारून झोपायचास. एका शनिवारी तू सांगितलंस की हॉटेलवाले तुला दुसऱ्या गावी घेऊन जाणार आहेत, सहा महिने, कदाचित कायमचं. तू ते इतक्या आनंदाने सांगितलंस की मी कडी परत लावायची विसरलो. मी तुला गिटार शिकव म्हणालो होतो तेव्हा तू म्हणाला होतास, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी तू नसणार, हे मला तेव्हाच कळलं.

मला वाटलं, बाबांना कळलं की ते तुला जाऊ देणार नाहीत. तू घरात राहशील. थोडे दिवस रुसशील, मग शिकवशील. मी सगळं नीट मोजलं होतं. दुपारी चारला तू एक बॅग घेऊन गेलास आणि गिटार खुंटीला तशीच राहिली.

ठोक्याला मी काल दुकानात जाऊन सांगितलं. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. त्याने मान वर केली नाही.

"माहितीये मला."

"कसं?"

"त्या दिवशी तू चर्चमध्ये बूट उलटसुलट पायात घालून आला होतास. तू. मोजपट्टी. म्हटलं, हा काहीतरी करून बसलाय."

"मग दादाला सांगितलं का नाहीस? तुला एवढं बोलला तो."

"तू सतरा वर्षांचा होतास. तुझं तोंड बघवत नव्हतं. माझं काय, मी ठोकून घ्यायलाच बसलोय." मग म्हणाला, "तो पंप इकडे दे."

तेव्हा तू ठोक्याला दोन ओळी लिही. मला नाही लिहिलंस तरी चालेल.

त्या आठ चौकटी कशा रिकाम्या झाल्या, हे मला अजून नीट माहीत नाही. पण कुणामुळे, ते माहीत आहे. आणि मी त्यांना सुंदर म्हणत होतो. लाल रेघ खोडरबराने पुसली. पूर्ण जात नाही.

मोजपट्टी


१५ फेब्रुवारी, रविवार

प्रिय दादा,

आता जे लिहितो ते बाबांनी सांगितलेलं आहे. मी माझं काही घातलेलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी मी तिसऱ्या कडव्यापर्यंत वाजवलं आणि थांबलो, कारण पुढे काय वाजवायचं तेच माहीत नव्हतं. बाबा दारात उभे होते, हातात स्क्रू ड्रायव्हर.

"तिथे तो थांबला नव्हता," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मग?"

"मी त्याला बंद केलं."

तुला माहीत आहेच, पण मला माहीत नव्हतं म्हणून लिहितो. गिटारची वायर डब्यातून सरळ मिक्सरला जाते. मिक्सरवर प्रत्येकाच्या आवाजाची एक सरकती पट्टी असते, वर केली की आवाज चढतो, खाली ओढली की बंद. बाबा म्हणाले, "सकाळचं डोक्यात होतं. रात्री दारूच्या टेबलांपुढे वाजवलेले हात, आणि तेच इथे. तिसरं कडवं आलं आणि माझा हात त्याच्या पट्टीवर गेला. खाली ओढली. एका बोटाने." ते बोट त्यांनी मला दाखवलं. जणू मी ते आधी कधी पाहिलं नव्हतं.

"मग परत वर का केली?"

ते खाटेच्या कडेला बसले. "हेडफोनचं बटण वेगळं असतं. ते दाबलेलं होतं. सगळ्यांना बंद झालं, मला ऐकू येतच होतं. मला वाटलं तो थांबेल. तो थांबला नाही. आवाज गेलाय हे त्याला कळलं होतं, माझ्याकडे बघत होता. आणि वाजवत होता. तसं त्याने तालमीतही कधी वाजवलं नव्हतं." त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाटेवर ठेवला. "आठवीला माझा हात आपोआप वर गेला. पण तोवर झालं होतं ते झालं होतं."

म्हणजे दादा, त्या आठ चौकटी रिकाम्या नव्हत्या. भरलेल्या होत्या, आणि त्या जगात दोघांनाच माहीत आहेत. एक तू. दुसरे बाबा.

मी म्हटलं, "बाबा, सगळं माझ्यामुळे झालं. मीच सांगितलं होतं."

"मला माहीत आहे कोणी सांगितलं. मलाच तर सांगितलं होतंस." मग म्हणाले, "सांगितलंस तू, बंद केलं मी. वाटण्या करत बसू नकोस. वही घे."

मी वही घेतली आणि बाबा गुणगुणायला लागले.

आपले बाबा. जे चर्चमध्ये नुसते ओठ हलवतात. त्यांचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा आहे, हे आई लग्नापासून सांगत आली आहे. मी एक सूर शोधायचो, ते मान हलवायचे. "हे नव्हे. त्याच्या जरा अलीकडचं. अजून अलीकडे. हां, इथून तो घसरत जायचा." चार संध्याकाळी लागल्या. चौथ्या दिवशी आई दारात येऊन भिंतीला टेकून बसली. तिच्या मांडीवर शिवणाचा डबा होता, पण तिने एक टाका घातला नाही.

बाबांनी ते चार वर्षं जवळ ठेवलं होतं, दादा. एकदाच ऐकलेलं, एक सूर न हरवता.

सात चौकटी पक्क्या झाल्या. आठवीवरून आमचं भांडण आहे. शेवटचा सूर मी म्हणतो खाली जातो, कारण ध्रुपदाची सुरुवात खालून आहे आणि तिथे उतरायला तोच रस्ता आहे. बाबा म्हणतात वर जातो. मी म्हटलं, वर गेला तर पुढे जुळत नाही. ते म्हणाले, "जुळणं न जुळणं मला सांगू नकोस. मी ऐकलंय." दोन दिवस आम्ही जेवताना यावरून बोलत नाही आहोत. आई म्हणते, "ज्याचा आहे त्याला विचारा." बाबांनी डोळे वर करून तिच्याकडे बघितलं. मग तिच्या शिवणाच्या डब्याकडे. पत्ता आता सगळ्यांनाच माहीत आहे.

तर विचारतो. मागच्या पानावर आठ चौकटी काढून पाठवल्या आहेत. सात भरलेल्या. आठवीत शेवटची जागा मोकळी आहे. वर की खाली?

तुझा,
मोजपट्टी

बाबांनी आत्ता विचारलं, पत्र बंद केलंस का. मी म्हटलं, नाही, काही लिहायचंय का. म्हणाले, नको, अक्षर वाईट आहे माझं. आणि तिथेच उभे राहिले. तेव्हा हे त्यांच्याकडून आहे, असं समज.


१ मार्च, रविवार

प्रिय दादा,

तुझं कार्ड शुक्रवारी आलं. पोस्टमनने ते दुकानात आणून दिलं. मालक म्हणाले, "वाच की, उलटंपालटं काय करतोयस?" शिक्क्यांमुळे मला उलटं वाचायची सवय आहे, पण तुझं सरळ अक्षर मला लवकर लागेना. चार वर्षं झाली.

तू चारच वाक्यं लिहिली आहेस. "खाली जातो. बाबांना वर म्हणून सांग. तारा जुन्या झाल्या असतील, बदल. ठोक्याला वेगळं लिहिलंय."

बाकीच्या गोष्टींबद्दल तू काही लिहिलं नाहीस. मी कार्डाच्या कडाही बघितल्या. पण तारा बदल म्हणालास, म्हणजे गिटार माझ्याकडे राहू दे असा त्याचा अर्थ मी धरतो. चुकीचा असेल तर कळव.

बाबांना वर म्हणून सांगायचं मी ठरवलं होतं. जिना चढताना दोनदा म्हणूनही बघितलं. पण घरात गेलो आणि मला ते जमलं नाही. आणि न विचारता आपणहून सांगायचीही भीती वाटली. म्हणून कार्ड त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि हात धुवायला गेलो. मुद्दाम जास्त वेळ धुतले.

परत आलो तेव्हा ते कार्ड हातात धरून बसले होते. पहिली दोन वाक्यं वाचायला माणसाला एवढा वेळ लागत नाही.

"खाली आहे तर," ते म्हणाले.

"हो."

"आणि मला वर सांगा म्हणतो. लबाड." आईने त्यांच्या हातातून कार्ड घेतलं, वाचलं, आणि डब्यात न ठेवता फडताळावर सगळ्यांना दिसेल असं उभं केलं. बाबा म्हणाले, "खालीच वाजव. बरोबर तेच वाजव." जेवण झाल्यावर, ताट उचलताना, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मला इतकी वर्षं वर का ऐकू येत होता, कुणास ठाऊक."

आज वाजवलं. तारा नव्या, शर्ट इस्त्रीचा, बूट बरोबर पायांत. ठोक्याने खाली वाकून तपासले आणि मान डोलावली. तिसरं कडवं आलं. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी हेडफोन काढून ठेवला होता. पहिल्यांदाच. सगळ्यांबरोबर, उघड्या कानांनी ऐकत होते.

पहिली चौकट, दुसरी, तिसरी. पाचवीत तो घसरत जाणारा तुकडा आला आणि बाईंनी गाता गाता मान वळवली. त्यांनी तो कधी ऐकलाच नव्हता ना. कुणीच ऐकला नव्हता. पुढच्या बाकावर आई रुमाल शोधत होती, तो तिच्या हातातच होता. आठवीला मी खाली उतरलो आणि ध्रुपद जुळलं. सातवीत एक सूर थोडा उशिरा पडला. तो माझा होता, तुझा नव्हे.

उपासना संपल्यावर मी वायर काढायला मिक्सरपाशी गेलो, आणि तिथे जे बघितलं ते सांगायला हे पत्र आहे. बाकीचं ठोक्या लिहीलच, वाढवून.

तिथे तुझ्या पट्टीखाली चिकटपट्टीवर "गिटार" असं लिहिलेलं असायचं, आठवतं? ते बाबांनी कधी काढलं नाही. चार वर्षं त्या भोकात वायर नव्हती, तरी दर शुक्रवारी ते तिथली धूळ पुसायचे. मला वाटलं होतं माझी वायर तिथेच लावली असेल. नव्हती. ती शेजारच्या भोकात होती आणि खाली नवी चिकटपट्टी होती, बाबांच्या अक्षरात: "गिटार २".

मी म्हटलं, "बाबा, दुकानातून नीट कोरीव पाटी करून आणतो. दोन्हींची."

"आण," ते म्हणाले. "आकडा तोच ठेव."

मग त्यांनी मिक्सर बंद केला आणि नेहमीप्रमाणे एकेक पट्टी खाली ओढत गेले. बाईंची. ठोक्याची. माझी. तुझी मात्र नाही. तिच्यात वायर नाही, काही नाही, पण ती त्यांनी वर ठेवली आहे. वरून त्यांनी कापड घातलं, तेव्हा तिथे थोडा उंचवटा दिसत होता.

पाट्या पुढच्या आठवड्यात कोरतो.

तुझा,
गिटार २